पायलट पेटतो, पण टिकत नाही: गॅस फायरप्लेस पुन्हा पुन्हा विझत असेल तर

नॉब दाबला की पायलट (मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) पेटतो. पाठोपाठ बर्नर पेटतो. ओंडक्यांमधून पिवळ्या ज्वाळा वर येतात, खोली उबदार व्हायला लागते, आणि बारा-पंधरा मिनिटांनी सगळं विझून जातं. पुन्हा पेटवा, पुन्हा तेच. आमच्या घरी हे दोन हिवाळे चाललं. तेवढ्या काळात पायलट जळतोय का ते ओळखणारं थर्मोकपल दोनदा बदललं, त्याचाच मोठा भाऊ थर्मोपाइल एकदा बदललं, पायलट तर किती वेळा साफ केला ते आठवत नाही. दरवेळी फिटर निघायचा तेव्हा ज्योत अगदी व्यवस्थित जळत असायची, कारण पंधरा मिनिटं कुणी थांबायचंच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत. बिघाड होता धुराच्या पाइपात आणि आम्ही पायलटचे भाग बदलत बसलो होतो.

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. फायरप्लेस आपोआप विझते तेव्हा बहुतेक वेळा तिच्यातला सुरक्षेचा एखादा भाग आपलं काम चोख करत असतो. त्याला काहीतरी खटकलेलं असतं. ते काय, हे शोधायचं. त्या भागालाच गप्प करायचं नाही. आणि शोधण्यासाठी सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे हातातलं घड्याळ. फायरप्लेस विझते का, यापेक्षा पेटवल्यापासून किती वेळाने विझते, हे नीट टिपलं तर निम्मं निदान झालंच समजा.

## हात लावण्याआधी

गॅसचा वास येत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, काडी किंवा लायटर पेटवू नका, वाटेतली दारं-खिडक्या उघडत सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. मुख्य कॉक जाता जाता हाताशी असेल तरच बंद करा. फोन बाहेर गेल्यावर करायचा. नैसर्गिक वायूला आणि सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टनसारखी उग्र वासाची रसायनं मिसळलेली असतात. यात एक फरक लक्षात ठेवा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि वर चढतो. सिलिंडरमधला प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड, तो जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात आणि तळघरात साचून राहतो. सिलिंडरवर चालणाऱ्या फायरप्लेसजवळ वास घ्यायचा तर वाकून, जमिनीजवळ घ्यायचा. गळतीचा अलार्मही याच हिशोबाने लावायचा: प्रोपेनसाठी खाली, नैसर्गिक वायूसाठी छताजवळ.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका याहून वेगळा आणि जास्त कपटी आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. फायरप्लेस चालू असताना घरात एकाहून जास्त जणांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर ते पित्त किंवा सर्दी समजून अंगावर काढू नका. आधी सगळे बाहेर पडा, मग डॉक्टर आणि मग फिटर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपण्याच्या खोलीजवळ हवाच. त्याच्या पाठीवर छापलेली तारीख आज उठून बघा. आतला सेन्सर साधारण ५ ते १० वर्षांत निकामी होतो. चाचणीचं बटण दाबल्यावर तो वाजला तरी त्यावरून फक्त भोंगा आणि बॅटरी ठीक आहे एवढंच कळतं.

घरच्या घरी काय करावं आणि काय नाही, याबद्दल माझं मत ठाम आहे. धूळ काढणं, काच पुसणं, ओंडके जागेवर बसवणं, बॅटऱ्या बदलणं, निरीक्षण करून लिहून ठेवणं हे आपलं काम. गॅसचा पाइप, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, जेट (गॅस सोडणारं बारीक छिद्राचं तोंड) आणि धुराचा पाइप याला हात परवानाधारक फिटरचाच लागावा. सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायला मात्र काहीच हरकत नाही. काडी पेटवून गळती शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. असं कधीही करू नका.

## आधी फायरप्लेसची जात ओळखा

बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, पण आतलं कामकाज वेगळं असतं. पुढची काच पक्की बंद असेल आणि भिंतीतून किंवा छतातून एकात एक बसवलेला दुहेरी पाइप बाहेर जात असेल, तर ती बंदिस्त प्रकारची. आतल्या पाइपातून धूर बाहेर जातो आणि बाहेरच्या पोकळीतून ज्योतीसाठी ताजी हवा आत येते. खोलीच्या हवेशी तिचा संबंध नसतो. दुसऱ्या प्रकारात ज्योत खोलीतली हवा घेते आणि धूर चिमणीतून वर सोडते. तिसऱ्या प्रकाराला धुराडंच नसतं, ज्वलनातून निघणारं सगळं खोलीतच येतं. या तिसऱ्या प्रकारावर बऱ्याच ठिकाणी बंदी आहे किंवा झोपण्याच्या खोलीत तो लावू देत नाहीत. मला विचाराल तर जिथे परवानगी आहे तिथेही मी तो लावणार नाही.

पेटवण्याच्या पद्धतीही दोन. एकीत पायलट कायम जळत असतो. दुसरीत बटण दाबल्यावर ठिणगी पडून पायलट पेटतो आणि काम झालं की विझतो. खालची पट्टी किंवा जाळी उघडली की दर्शनी भागाच्या आत एक धातूची पाटी दिसेल. तिच्यावर मॉडेल, गॅसचा प्रकार आणि दाब लिहिलेला असतो. तिचा फोटो काढून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर लागेल.

## नॉब सोडताच पायलट विझतो

ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि इथे थर्मोकपलवर संशय घेणं योग्यच. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा जोड. त्याचं टोक ज्योतीत तापलं की अवघी २५ ते ३० मिलिव्होल्ट वीज तयार होते, आणि तेवढ्यावर व्हॉल्व्हमधला छोटा विद्युतचुंबक गॅसची वाट उघडी धरतो. ज्योत गेली की टोक थंड होतं, चुंबक सुटतो, गॅस बंद. नॉब अर्धं मिनिट दाबून धरायला सांगतात ते हे टोक तापावं म्हणूनच.

पण थर्मोकपल बदलण्याआधी ज्योतीकडे बघा. गुडघ्यावर बसून, खोलीतले दिवे मालवून. चांगल्या पायलटची ज्योत निळी, ठाम, जरा फुंकर मारल्यासारखी असते आणि थर्मोकपलच्या टोकाचा वरचा सेंटीमीटरभर भाग तिच्यात बुडालेला असतो. ते टोक मंद लाल दिसतं. ज्योत पिवळी, लुळी, टोकाला हलत असेल आणि थर्मोकपलला नुसती चाटून जात असेल, तर नवं थर्मोकपल घालूनही आठवड्याभरात तुम्ही परत तिथेच येणार. दोष पायलटच्या तोंडात किंवा त्याच्या हवेच्या छिद्रात आहे. उन्हाळाभर बंद राहिलेल्या पायलटमध्ये कोळी घर करतात. जळमटाचा एक धागा आणि थोडी धूळ एवढं पुरतं, कारण गॅसचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, प्रोपेनसाठी तर त्याहूनही बारीक असतं. गॅस बंद करून, सगळं थंड झाल्यावर, हवेच्या डब्याने फुंकून काढा. त्यात सुई किंवा तार कधीही घालू नका. छिद्र केसभर जरी मोठं झालं तरी ज्योत बिघडते आणि तो जेट टाकूनच द्यावा लागतो.

ज्योत झक्क आहे आणि तरीही नॉब सोडताच विझतो? मग थर्मोकपल व्हॉल्व्हला जिथे जोडलेलं असतं ती नट सैल असू शकते. फिटर ती बोटांनी घट्ट करून वर फक्त पाव फेरा देतो. जोर लावून आवळली तर आतलं इन्सुलेशन चिरडतं आणि नवा भाग नव्यानेच मरतो. आमचं पहिलं थर्मोकपल बहुधा असंच गेलं.

हंगामातल्या पहिल्या दिवशी पायलट पेटतच नसेल तर घाबरू नका. महिनोन्‌महिने बंद असलेल्या पाइपात हवा भरलेली असते, ती निघून जायला काही मिनिटं लागू शकतात. पण प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबायचं, साचलेला गॅस विरू द्यायचा. ही पाच मिनिटं अनेकांना जड जातात. तरी ती द्यायचीच.

ठिणगीवर पेटणाऱ्या प्रकारात थर्मोकपल नसतं. तिथे ज्योतीत एक धातूची कांडी असते, आणि ज्योतीतून वाहणारा अतिशय सूक्ष्म, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागणारा प्रवाह बघून कंट्रोल बोर्ड ठरवतो की पायलट पेटला. पायलट डोळ्यांना दिसतोय, तरी ठिणग्या टकटक पडतच आहेत आणि थोड्या वेळाने सगळं बंद होतं, असं असेल तर बोर्डाला ज्योत दिसत नाहीये. कांडीवर पांढरट थर बसलेला असतो. अगदी बारीक स्टील वूलने हलकेच पुसला की बहुतेक वेळा काम होतं. तसं नाही झालं तर कांडीच्या चिनीमातीच्या भागाला तडा गेलाय का आणि अर्थिंगची वायर सैल आहे का, हे बघायला सांगा. रिमोट आणि रिसीव्हरच्या बॅटऱ्या तर आधीच बदललेल्या असाव्यात.

## बर्नर पेटताच पायलट मान टाकतो

पायलट तासन्‌तास जळतो, पण मुख्य बर्नर पेटवला की काही सेकंदांत दोन्ही जातात. बर्नर पेटण्याच्या क्षणी पायलटवर नजर ठेवा. त्याची ज्योत एकदम आखूड होत असेल तर गॅसचा दाब पडतोय. कॉक अर्धवट उघडा आहे, लवचीक पाइप मागे कुठेतरी मुडपलाय, रेग्युलेटर थकलाय, किंवा घरातली लाइन मुळातच बारीक आहे आणि गीझर चालू झाला की पुरत नाही. साधारणपणे बर्नरपाशी नैसर्गिक वायूचा दाब ९ मिलिबारच्या आसपास आणि प्रोपेनचा २५ च्या आसपास असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पाटीवर असेल. दाब बर्नर चालू असतानाच मोजायला हवा. बंद असताना मोजलेला आकडा याबाबतीत काहीच सांगत नाही.

सिलिंडर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. साधारण ९ किलोवॅटची फायरप्लेस पूर्ण आचेवर तासाला साडेसहाशे-सातशे ग्रॅम गॅस पिते. एवढ्या वेगाने द्रवाचा वायू होताना सिलिंडर स्वतःच थंड पडत जातो, त्याच्यावर दव धरतं, कडाक्याच्या थंडीत बर्फही. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, पण ब्यूटेन उणे अर्ध्या अंशालाच हात टेकतो. म्हणून ब्यूटेनचं प्रमाण जास्त असलेल्या मिश्रणाचा दाब थंडीत पडतो. संध्याकाळी ठीक, पहाटे विझलेली, आणि सिलिंडर अर्ध्याखाली, असं दिसलं तर कारण बहुधा हेच. मोठा सिलिंडर किंवा एकाऐवजी दोन जोडणं हा त्यावरचा उपाय आहे. ज्योतीने किंवा हीटरने सिलिंडर तापवणं हा जिवाशी खेळ आहे.

दाब ठीक, पायलटही खणखणीत, तरी बर्नर पेटत नाही किंवा पेटून जातो, तेव्हा थर्मोपाइल मोजतात. ते म्हणजे एकामागे एक जोडलेली बरीच थर्मोकपल, आणि चांगल्या स्थितीत ५०० ते ७५० मिलिव्होल्ट देतात. इथे एक जागा हमखास नजरेआड राहते: भिंतीवरचं बटण. अर्ध्या व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटमध्ये बटणाच्या आतला थोडासा गंज किंवा लांबच लांब बारीक वायरही वीज गिळून टाकते. फिटरने व्हॉल्व्हवरची बटणाची दोन टोकं क्षणभर तारेने जोडली आणि बर्नर पेटला, तर दोष बटणात किंवा वायरीत आहे. आणि या वायरीला घरातली नेहमीची वीज कधीही जोडली जाऊ नये. इलेक्ट्रिशियन नवखा असेल तर त्याला हे मुद्दाम सांगा, कारण बटण दिव्याच्या बटणासारखंच दिसतं.

## दहा ते वीस मिनिटांनी विझते

आता आमचं दुखणं. थंड असताना सगळं नीट पेटतं आणि तापल्यावर जातं, तेव्हा पायलटच्या भागांवर पैसे घालण्याआधी हवा आणि धूर यांची वाट तपासा.

बंदिस्त फायरप्लेसमध्ये आतल्या पाइपातून जाणारा धूर आणि बाहेरच्या पोकळीतून येणारी हवा यांच्यात फक्त एक पातळ पत्रा असतो. त्या पत्र्याचा सांधा कुठे सुटला की थोडा धूर हवेत मिसळून परत आत येतो. सुरुवातीला काही कळत नाही. मग आतला ऑक्सिजन हळूहळू कमी होतो, ज्वाळा फिकट आणि उंच होतात, बर्नरवरचा पाय सोडून तरंगायला लागतात, आणि शेवटी पायलट गुदमरून विझतो. विझल्यावर पोकळी ताज्या हवेने भरते, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा पेटवली की ती पहिल्यासारखीच पेटते. फसवणूक होते ती इथे.

आमच्याकडे आलेल्या तिसऱ्या फिटरने हत्यारांची पेटी उघडलीच नाही. त्याने फायरप्लेस पेटवली, खुर्ची ओढली आणि समोर बसून राहिला. मीही शेजारी बसले. आठव्या मिनिटाला त्याने बोट दाखवलं. डाव्या टोकाला ज्वाळेचा निळा बुंधा बर्नरपासून बोटभर वर उचलला गेला होता, आणि मधे नुसती काळी फट दिसत होती. अकराव्या मिनिटाला सगळ्या ज्वाळा एकत्र डुलायला लागल्या, अगदी आवाज न करता, पाण्यातल्या शेवाळासारख्या. तेराव्या मिनिटाला विझल्या. मग त्याने एकच प्रश्न विचारला: “हे सुरू व्हायच्या आधी घरात काय बदललं होतं?” बाहेरच्या भिंतीला रंग दिला होता. रंगाऱ्यांनी पाइपाची टोपी काढून पुन्हा बसवली होती. टोपी ओढताना भिंतीतल्या वळणावर आतला पाइप सांध्यातून दोन बोटं मागे सरकला होता, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. तो बसवून, स्क्रू घालून, उष्णता सोसणाऱ्या सीलंटने बंद केल्यावर त्या संध्याकाळी फायरप्लेस चार तास चालली.

सांधा सुटण्याखेरीज टोपीत पक्ष्याचं घरटं, गांधीलमाशीचं पोळं, वाढलेला वेल, साचलेला बर्फ यांनीही हेच होतं. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. कडक थंडीत ती टोपीवर गोठून जाळी बुजू शकते. पुढच्या काचेच्या कडेची गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) फाटली किंवा काच एका बाजूला नीट बसली नाही तरी आतली हवेची चाल बिघडते. काच काढून फायरप्लेस चालवून बघू, असा मोह होईल. घरी तसं करू नका, सगळा धूर खोलीत येतो.

चिमणीच्या प्रकारात खोलीत धूर उलटला की एक छोटा उष्णतेचा स्विच गॅस तोडतो. तो पुन्हा दाबून फायरप्लेस चालू करता येते आणि लोक रोज तसं करत राहतात. तो स्विच सांगत असतो की धूर तुमच्या खोलीत येतोय. स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीतला पंखा हवा बाहेर ओढत असेल, खिडक्या घट्ट बंद असतील, तर घर चिमणीतूनच हवा ओढून घेतं. पंखा चालू असताना विझते आणि बंद असताना विझत नाही, एवढं लिहून ठेवलंत तरी फिटरचे दोन तास वाचतील. धुराडं नसलेल्या प्रकारात खोलीतला ऑक्सिजन नेहमीच्या सुमारे २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास आला की पायलट आपणहून विझतो. तेव्हा पुन्हा पेटवायची नाही. खिडक्या उघडायच्या, खोलीबाहेर जायचं.

## फक्त वारा सुटला की

वाऱ्याच्या दिवशीच विझत असेल तर बहुधा टोपीची जागा चुकली आहे: कोपऱ्यात, छज्जाखाली, किंवा शेजारच्या भिंतीवर आपटून वारा उलटतो अशा ठिकाणी. जोराच्या वाऱ्यासाठी वेगळ्या टोप्या मिळतात, पण त्याच कंपनीची, त्याच मॉडेलला चालणारी हवी. टोपीसमोर जाळी किंवा पत्रा आपल्या मनाने लावला तर वारा अडेल आणि धूरही अडेल.

## ‘भप्प’ आवाज आणि काजळी

गॅस सुरू झाल्यावर लगेच न पेटता दोन-चार सेकंदांनी भप्पकन पेटत असेल, तर वापर त्याच क्षणी थांबवा. तेवढ्या वेळात आत गॅस साचतो, आणि एखाद्या दिवशी तो एकदम पेटून काच फुटू शकते. पायलटजवळची बर्नरची छिद्रं बुजलेली असतात. बहुधा निखाऱ्यासारखे दिसणारे, न जळणाऱ्या खनिज लोकरीचे तुकडे जास्त हौसेने पसरलेले असतात. ते नखाएवढे, विरळ आणि फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच ठेवायचे.

काजळीबद्दल एक गैरसमज आहे. स्वयंपाकाच्या शेगडीवरून आपण निळी ज्योत चांगली आणि पिवळी वाईट असं शिकलेलो असतो. फायरप्लेसच्या मुख्य ज्वाळा मुद्दाम पिवळ्या ठेवलेल्या असतात, लाकडासारख्या दिसाव्यात म्हणून. त्यामुळे इथे रंगाऐवजी काजळी बघायची. ओंडक्यांवर किंवा काचेवर काळा थर धरत असेल तर एकतर ज्वाळा ओंडक्याला थेट आपटते आहे, म्हणजे ओंडका जागेवरून हललाय, किंवा बर्नरच्या हवेची झडप जास्त बंद आहे. ओंडक्यांना खाली खुणेच्या खुंट्या असतात, ते सजावटीसारखे मनाला येतील तसे मांडायचे नसतात. सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर किंवा उलट बदल झाला असेल तर जेट, रेग्युलेटर आणि झडप या तिन्हींचा बदल लागतो. प्रोपेनमध्ये त्याच आकारमानात नैसर्गिक वायूच्या साधारण अडीचपट उष्णता असते. नैसर्गिक वायूच्या जेटवर तो सोडला तर भडका, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड तिन्ही एकदम मिळतात.

काचेवरचा पांढरा थर वेगळा, तो ज्वलनातूनच येतो. काच पूर्ण थंड झाल्यावर फायरप्लेसच्या काचेसाठीच्या द्रवाने पुसा. अमोनिया असलेला नेहमीचा क्लीनर चालत नाही. थर वर्षभर राहू दिला तर काचेत कायमचा रुततो. चालू असताना ही काच २५० अंशांच्याही वर जाऊ शकते आणि विझल्यावर अर्धा तास तरी चटका देण्याइतकी गरम राहते. लहान मूल घरात असेल तर पुढची संरक्षक जाळी काढायची नाही. पडदे, गालिचा, सोफा मीटरभर तरी लांब हवेत.

नव्या फायरप्लेसचा पहिल्या काही तासांतला रंगाचा आणि तेलाचा वास हा बिघाड नाही. खिडक्या उघड्या ठेवून तीन-चार तास सलग पेटती ठेवली की तो जातो.

## हंगाम सुरू होण्याआधी

वर्षातून एकदा, थंडी पडण्याच्या महिनाभर आधी, फिटरला बोलवा. पहिल्या थंडीच्या आठवड्यात सगळेच बोलावतात आणि कुणालाच वेळ नसतो. त्याने बर्नर आणि पायलट साफ करावा, चालू असताना दाब मोजावा, थर्मोपाइलचे मिलिव्होल्ट मोजावेत, गॅस्केट बघावी, बाहेर जाऊन टोपी उघडावी. टोपी न बघता गेला तर काम अर्धं राहिलं, असं स्पष्ट सांगा. आकडे कागदावर लिहून घ्या. थर्मोपाइल मागच्या वर्षी ६०० होतं आणि यंदा ४०० आहे, ही माहिती ते बंद पडण्याआधीच तुम्हाला सावध करते. मधल्या महिन्यांत आपण खालची पट्टी उघडून धूळ ओढून घ्यावी, कुत्र्या-मांजरांचे केस तिथे फार साचतात.

आणि दुरुस्ती झाली की फिटरला लगेच निरोप देऊ नका. काच बसवलेली, खिडक्या नेहमीसारख्या बंद, स्वयंपाकघरातला पंखा चालू, अशा अवस्थेत फायरप्लेस पूर्ण आचेवर पेटवा. तुमच्या वहीतली विझण्याची वेळ पंधरा मिनिटं असेल तर त्याला किमान तीस मिनिटं समोर बसवा.